बोग्दान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युक्रेनच्या बातम्यांत ‘बोहदान’ भेटतो, रुमानियाच्या फुटबॉल संघात ‘बोग्दान’ नावाचे गोलकीपर होऊन गेले आणि सर्बियाच्या बास्केटबॉल संघातल्या एका खेळाडूचं नाव तर बोग्दान बोग्दानोविच आहे. नाव कानाला परकं वाटतं, पण त्याची फोड केली की मराठी माणूस जरा दचकतोच. या नावाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

बोग्दान म्हणजे नेमकं काय?

‘बोग’ म्हणजे देव आणि ‘दान’ म्हणजे दिलेला. दोन्ही मिळून ‘देवानं दिलेला’, म्हणजे आपला देवदत्त. पुरुषाचं नाव. रशियन, युक्रेनियन, बेलारूशियन, पोलिश, चेक, स्लोव्हाक, सर्बियन, क्रोएशियन, स्लोव्हेन, मॅसेडोनियन, बल्गेरियन अशा जवळपास सगळ्या स्लाव्हिक भाषांत ते आहे. रुमानियन ही लॅटिनची लेक, स्लाव्हिक नव्हे, तरी शेजारधर्मानं तिनंही ते घेतलं आणि मग असं वापरलं की आज अनेकांना ते अस्सल रुमानियन नाव वाटतं.

(बोगदान असं घाईत वाचलं की आपल्याला खंडाळ्याच्या घाटातला बोगदा आठवतो. त्याचं या नावाशी काही देणंघेणं नाही.)

हा तर आपला भगदत्तच की! खरंच काही नातं आहे का?

आहे, आणि चांगलं घट्ट आहे. स्लाव्हिक ‘बोग’, जुन्या इराणी भाषांतला ‘बग’ आणि संस्कृतातला ‘भग’ हे एकाच घराण्यातले शब्द. ऋग्वेदातला भग हा आदित्यांपैकी एक, वाटा देणारा, भाग्य वाटणारा देव. सातव्या मंडलातलं ४१वं सूक्त मुख्यतः त्याचंच आहे. ‘भाग्यसूक्त’ म्हणून आजही ते म्हटलं जातं. भाग, भाग्य, भगवंत, भक्त, भजन ही सगळी ‘भज्’ म्हणजे वाटणे, वाट्याला येणे, या धातूची पोरं. नावाच्या दुसऱ्या अर्ध्याचंही तसंच. स्लाव्हिक ‘दाति’ म्हणजे देणे आणि आपला ‘दा’ धातू हे सख्खे. आपण ‘दत्त’ म्हणतो, ते ‘दान’ म्हणतात. दोन्हींचा अर्थ ‘दिलेला’.

महाभारतातला भगदत्त म्हणजे प्राग्ज्योतिषपूरचा राजा, नरकासुराचा मुलगा. सुप्रतीक हत्तीवर बसून तो कौरवांकडून लढला. त्यानं सोडलेलं वैष्णवास्त्र कृष्णानं स्वतःच्या छातीवर झेललं आणि बाराव्या दिवशी अर्जुनानं त्याला मारलं. नावापुरतं बोलायचं तर कीवमधल्या बोहदानचा हा नामबंधू.

मग हे नाव संस्कृतातूनच रशियात गेलं, असं म्हणता येईल?

नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘रशियन भाषा म्हणजे बिघडलेलं संस्कृत’ छापाच्या मजकुरात बोग्दान हमखास सापडतो, म्हणून हे स्पष्ट सांगावं लागतं. दोन चुलतभावांचं नाक सारखं असलं म्हणजे एक दुसऱ्याचा मुलगा ठरत नाही. नाक आजोबांचं असतं. स्लाव्हिक, इराणी आणि संस्कृत या तिन्ही शाखा एकाच आदिम इंडो-युरोपीय भाषेतून फुटल्या आणि हे शब्द त्या घरातून आपापल्या वाटणीत घेऊन निघाल्या.

‘बोग’च्या बाबतीत विद्वानांमध्ये एक वाद आहे, पण तो संस्कृतविषयी नाही, इराणीविषयी आहे. काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या गवताळ प्रदेशात शक, सर्मेशियन असे इराणी बोली बोलणारे लोक शतकानुशतकं स्लाव्हांचे शेजारी होते. काही जण म्हणतात की ‘बोग’ हा शब्दच स्लाव्हांनी त्यांच्याकडून उचलला. दुसरे म्हणतात, शब्द घरचाच होता, फक्त ‘वाटा, संपत्ती’ या अर्थावरून तो ‘देव’ या अर्थाकडे सरकला तो इराण्यांच्या संगतीनं. मला दुसरं मत जास्त पटतं. कारण पुढच्या उत्तरात आहे.

‘बोग’चा मूळ अर्थ देव नव्हता का?

त्याची सावली आजच्या भाषांतच उरली आहे. रशियनमध्ये ‘बोगाती’ म्हणजे श्रीमंत, ज्याच्याकडे ‘बोग’ आहे तो. ‘उबोगी’ म्हणजे ज्याला वाटाच मिळाला नाही तो, कंगाल. आपल्या ‘अभागी’ला लावून पाहा. पोलिशमध्ये ‘झ्बोझे’ म्हणजे धान्य. शेतकऱ्याच्या वाट्याला आलेलं जे काही असतं, ते शेवटी धान्यच. म्हणजे देवाच्या आधी या शब्दात कणगी होती, खळं होतं, वाटणी होती.

गंमत अशी की ‘देव’ हा आपला शब्द ज्या मुळातून आला, त्याच मुळातून लॅटिन ‘देउस’ आणि लिथुएनियन ‘दिएव्हास’ आले, दोन्हींचा अर्थ देवच. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात मात्र ‘दएव’ म्हणजे राक्षस झाला आणि स्लाव्हांनीही ईश्वरासाठी तो शब्द ठेवला नाही. दोघांनीही ‘बग-बोग’ धरला.

उच्चार कोणता बरोबर: बोग्दान, बोहदान की बग्दान?

माणूस कुठला, त्यावर. गेल्या सुमारे हजार वर्षांत काही स्लाव्हिक भाषांत ‘ग’ घशात मागे सरकून ‘ह’ झाला. युक्रेनियन, बेलारूशियन, चेक आणि स्लोव्हाक त्यांपैकी. म्हणून युक्रेनमध्ये बोहदान, प्रागमध्येही बोहदान. पोलिश, रशियन आणि दक्षिणेकडच्या स्लाव्हिक भाषांनी ‘ग’ राखला. ज्या शहराला आपण प्राग म्हणतो त्याला चेक लोक प्राहा म्हणतात आणि पोलिश लोक प्रागा, तोच हा फरक.

रशियनमध्ये आघात शेवटच्या अक्षरावर पडतो आणि आघात नसलेला ‘ओ’ पातळ होऊन ‘अ’सारखा ऐकू येतो, म्हणून लिहितात बोग्दान पण म्हणतात ‘बग्दान’. बेलारूशियन लोक एक पाऊल पुढे जाऊन जसं बोलतात तसंच लिहितात: बाहदान. पोलंडमध्ये बोग्दान आणि बोहदान दोन्ही सापडतात. ‘ह’वाला पूर्वेकडच्या शेजाऱ्यांकडून आलेला.

चर्चच्या संतांच्या यादीत हे नाव आहे का?

या नावाच्या इतिहासातली खरी मेख हीच. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या पंचांगात बोग्दान नावाचा संत नाही. बाप्तिस्म्याला संताचंच नाव लागतं. मग मुलाचं बाप्तिस्म्याचं नाव एक आणि घरातलं, गावातलं बोग्दान. आपल्याकडे पाळण्यातलं नाव कुणाच्या लक्षातही राहत नाही आणि हाकेचं नाव सातबाऱ्यावर चढतं, तसंच तिथेही झालं. १७व्या शतकातला मॉस्कोचा बडा सरदार बोग्दान खित्रोवो, ज्यानं १६४८ मध्ये व्होल्गाकाठी सिम्बिर्स्क वसवलं (पुढे लेनिन तिथेच जन्मला), त्याचं चर्चमधलं नाव इओव होतं. आज त्याला इओव म्हणून कुणी ओळखत नाही.

पुष्कळदा बाप्तिस्म्यासाठी अर्थानं जुळणारं ग्रीक नाव निवडत: थिओडोर म्हणजे देवाची भेट, थिओडोटस म्हणजे देवानं दिलेला. रशियन जिभेवर त्यांचे फ्योदोर आणि फेदोत झाले.

कोणत्या मुलाला बोग्दान म्हणत?

उशिरा झालेल्या, नवसानं झालेल्या मुलाला म्हणत, हे कुणीही ओळखेल. पण जुन्या रशियात रस्त्यावर, चर्चच्या दारात सापडलेल्या मुलालाही बोग्दान म्हणत. आई-बाप माहीत नाहीत, तेव्हा देणारा एकच उरला. बाप्तिस्मा व्हायच्या आधी तान्ह्या मुलाला तात्पुरतं म्हणूनही हे नाव चालायचं.

ख्रिस्ती नावांच्या खाली अशा साध्या नावांचा एक अख्खा थर होता. झ्दान म्हणजे वाट पाहिलेला, नेझ्दान म्हणजे ज्याची कुणी वाट पाहत नव्हतं तो, त्रेत्याक म्हणजे तिसरा, नेक्रास म्हणजे कुरूप. शेवटचं नाव मुद्दाम, दृष्ट लागू नये म्हणून. धोंडू, दगडू, केरू, भिकाजी ही नावं ज्या घरांत ठेवली गेली, त्यांना हे वेगळं समजवायला नको. आडनावांत हा थर अजून जिवंत आहे: झ्दानोव, त्रेत्याकोव, नेक्रासोव आणि अर्थातच बोग्दानोव.

युक्रेनमध्ये हे नाव इतकं मानाचं का?

बोहदान ख्मेल्नित्स्कीमुळे. १५९५च्या सुमारास जन्मलेला हा कोसॅकांचा, म्हणजे युक्रेनच्या गवताळ मुलखातल्या लढवय्यांचा, अधिकारी. बाप्तिस्म्याचं नाव झिनोवी, पण इतिहासानं बोहदानच उचललं. १६४८ मध्ये त्यानं पोलिश-लिथुएनियन राज्याविरुद्ध बंड केलं, झोव्ती वोदी आणि कोर्सुन इथे एकाच महिन्यात दोन लढाया जिंकल्या आणि त्याच हिवाळ्यात कीवमध्ये मिरवणुकीनं प्रवेश केला. तिथल्या विद्यार्थ्यांनी त्याचं स्वागत करताना त्याला मोझेस म्हटलं, तारणहार म्हटलं आणि त्याच्या नावावर श्लेष केला: शुभशकुनानंच याचं नाव बोहदान ठेवलं, देवानंच आम्हाला दिलेला. नावाचा अर्थ राजकारणात इतका थेट वापरल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

पण हीच वर्षं ज्यूंच्या स्मृतीत कत्तलीची वर्षं आहेत. १६४८-४९ मध्ये कोसॅक आणि बंडखोर शेतकऱ्यांनी गावंच्या गावं कापली, हजारो ज्यू मारले गेले. हिब्रू बखरींत हा माणूस ‘दुष्ट ख्मेल’ आहे. ‘देवानं दिलेला’ हे नाव कोण उच्चारतंय त्यावर त्याचा स्वाद बदलतो.

१६५४ मध्ये पेरेयास्लाव इथे त्यानं मॉस्कोच्या झारशी निष्ठा जोडली. त्यामुळे रशियन साम्राज्यालाही तो लाडका झाला. कीवच्या सोफिया चौकातला त्याचा घोड्यावरचा पुतळा १८८८चा. सोव्हिएत सरकारनं १९४३ मध्ये त्याच्या नावाचं लष्करी पदक काढलं आणि १९५४ मध्ये, पेरेयास्लावच्या त्रिशताब्दीला, प्रोस्कुरिव शहराचं नाव ख्मेल्नित्स्की ठेवलं. आज तो स्वतंत्र युक्रेनच्या पाच ह्रिव्नियाच्या नोटेवर आहे. साम्राज्याच्या, क्रांतीच्या आणि स्वातंत्र्याच्या, तिन्ही देव्हाऱ्यांत टिकलेला माणूस विरळाच.

रुमानियात हे नाव कसं पोचलं?

मध्ययुगात त्या भागात चर्चची आणि दरबाराची भाषा स्लाव्हिक होती, त्यामुळे नावंही तीच. पण प्रतिष्ठा मिळाली ती बोग्दान पहिला याच्यामुळे. हा मारामुरेश या डोंगराळ मुलखातला सरदार. हंगेरीच्या राजाशी त्याचं फाटलं, तेव्हा १४व्या शतकाच्या मध्याला तो कार्पेथियन डोंगर ओलांडून पूर्वेला उतरला आणि त्यानं स्वतंत्र मोल्दाविया उभं केलं. रादाउत्सीच्या सेंट निकोलस चर्चमध्ये त्याची कबर आहे. ऑटोमन तुर्कांनी तर सबंध देशालाच त्याचं नाव दिलं. त्यांच्या दफ्तरांत मोल्दाविया म्हणजे ‘बोदान’, बोग्दानचा तुर्की उच्चार. पुढे त्याच गादीवर बोग्दान दुसरा आला, मोल्दावियाच्या थोर राजा श्टेफानचा बाप. १४५१ मध्ये त्याचा खून झाला. श्टेफानचा मुलगा बोग्दान तिसरा. त्याला एकाक्ष म्हणत.

सर्बियन पोवाड्यांतला युग बोग्दान खरा होता का?

पोवाड्यांत तो राणी मिलित्साचा म्हातारा बाप आणि नऊ युगोविच भावांचा जन्मदाता. तुर्कांविरुद्धच्या १३८९च्या कोसोवोच्या लढाईत बाप आणि नऊही मुलगे पडतात. रणांगणावर दहा मृतदेह पाहूनही आई रडत नाही. मग कावळे तिच्या धाकट्या दाम्यानचा तुटलेला हात घरी आणून टाकतात, आणि तिचं काळीज फुटतं. इतिहासात राणी मिलित्साच्या बापाचं नाव व्रात्को होतं. बोग्दान हे नाव शाहिरांचं.

बोग्दानोविच, बोग्दानोव ही नावं कुठून आली?

आपल्याकडे मधलं नाव बापाचं असतं, तसंच रशियनांत. बोग्दानचा मुलगा बोग्दानोविच, मुलगी बोग्दानोव्ना. सर्बियन आणि क्रोएशियनमध्ये हेच रूप आडनाव बनलं. म्हणून बोग्दान बोग्दानोविच म्हणजे देवदत्त देवदत्ते. वर ज्याचा उल्लेख केला त्या बास्केटबॉलपटूच्या आधी याच नावाचा एक मोठा माणूस होऊन गेला: वास्तुविशारद बोग्दान बोग्दानोविच (१९२२-२०१०). क्रोएशियातल्या यासेनोवात्सच्या दुसऱ्या महायुद्धातल्या छळछावणीच्या जागी त्यानं १९६६ मध्ये काँक्रीटचं प्रचंड फूल उभारलं. १९८२ ते १९८६ तो बेलग्रेडचा महापौर होता.

पण सगळ्या बोग्दानोविचांचे बाप बोग्दान नव्हते. नेपोलियन १८१२ मध्ये रशियात घुसला तेव्हा युद्धमंत्री होता मिखाईल बोग्दानोविच बार्कले दे टोली. घराणं मूळचं स्कॉटिश, भाषा जर्मन, बापाचं नाव वाइनहोल्ड गोट्टहार्ड. आता रशियन शिष्टाचारात बापाच्या नावाशिवाय माणसाला हाक मारता येत नाही आणि ‘गोट्टहार्डोविच’ कुणाच्या तोंडात बसेना. मग गोट्टहार्डचं भाषांतर केलं बोग्दान. खरं तर गोट्टहार्डमध्ये ‘देव’ आणि ‘कणखर’ आहे, ‘दिलेला’ नाही. पण अर्धं जुळलं, तेवढ्यावर भागवलं. अर्मेनियन लोकांची सोय जास्त नीट झाली. त्यांच्या अस्त्वात्सातूर या नावाचा अर्थ अगदी ‘देवानं दिलेला’, त्यामुळे इस्फहानजवळच्या वस्तीतून मॉस्कोच्या दरबारात आलेला १७व्या शतकातला चित्रकार साल्तानोव सरळ बोग्दान झाला.

आणि अलेक्सांद्र बोग्दानोव (१८७३-१९२८) हे तर टोपणनाव. खरं आडनाव मालिनोव्स्की, बायको नताल्या बोग्दानोव्ना. तिच्या बापाच्या नावावरून यानं स्वतःचं क्रांतिकारी नाव घेतलं. लेनिनचा आधी सोबती, मग वैरी. १९२६ मध्ये मॉस्कोत रक्तसंक्रमणाची संस्था काढली आणि दोन वर्षांनी स्वतःवरच केलेल्या रक्ताच्या अदलाबदलीत गेला.

बगदाद शहराचं नावही यातूनच आलंय का?

स्लाव्हांकडून नाही, पण भाऊबंदकीतून, होय. मध्य-इराणी ‘बग’ अधिक ‘दाद’, म्हणजे ‘देवानं दिलेलं’, ही व्युत्पत्ती सर्वांत जास्त मानली जाते. खलिफा मन्सूरनं ७६२ मध्ये राजधानी वसवली, तेव्हा अधिकृत नाव ठेवलं ‘शांतीचं नगर’. लोकांनी जुनंच चालवलं. इराणच्या फार्स प्रांतात ख्रिस्तपूर्व काळात बगदात नावाचा एक शासक नाणी पाडत होता, म्हणजे माणसाचं नाव म्हणूनही ते इराणात होतं.

मंगोलियाचा बोग्द खान?

काही संबंध नाही. मंगोल ‘बोग्द’ म्हणजे पवित्र.

बोझिदार, बोगुस्लाव ही याचीच रूपं आहेत का?

एकाच देवाची, पण वेगळी नावं. बोझिदार म्हणजे देवाची भेट. दक्षिण स्लाव्हांत जास्त. पोलिश बोगुस्वाव, चेक बोहुस्लाव यांत दुसरा भाग ‘स्लावा’ म्हणजे कीर्ती, आणि तो आपल्या ‘श्रवस्’चा नातलग: जे कानावर येतं ते यश. गोंधळ होतो लाडाच्या नावात, कारण पोलिश ‘बोगुश’ दोघांनाही चालतं.

घरात काय हाक मारतात?

युक्रेनमध्ये बोहदान्चिक, बोहदान्को, बोद्या, दान्को. पोलंडमध्ये बोगुश किंवा बोद्झ्यो. रुमानियात बोग्दी. हाक मारताना नाव बदलतं हेही लक्षात ठेवा. आपण ‘अरे रामा’ म्हणतो, तसं युक्रेनियन ‘बोहदाने!’ म्हणतात, चेक आणि सर्बियनमध्येही संबोधनाची विभक्ती अजून शाबूत आहे. रशियननं ती जवळजवळ टाकून दिली, पण ‘अरे देवा!’ अशा अर्थाच्या ‘बोझे मोय!’मध्ये ‘बोग’चंच संबोधन अडकून राहिलं आहे.

मुलीचं नाव होतं का?

होतं: बोग्दाना, बोहदाना. अलीकडे जगभरच्या बातम्यांत झळकली ती मात्र मुलगी नव्हे, तोफ. ‘बोहदाना’ ही युक्रेनमध्ये बनलेली १५५ मिलिमीटरची स्वयंचलित तोफ. ती २०१८च्या स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात लोकांना दाखवली गेली आणि २०२२ मध्ये काळ्या समुद्रातल्या सर्प बेटावरच्या लढाईत वापरली गेली. त्याआधी कीवकरांच्या रोजच्या बोलण्यात ‘बोहदान’ म्हणजे त्याच नावाच्या कंपनीची छोटी बस: खचाखच भरलेली, दारात लोंबकळणाऱ्यांसकट.

मराठीत कसं लिहावं?

एकच रूप ठरवून सगळ्यांवर लादू नका. रशियन, पोलिश, सर्बियन, बल्गेरियन, रुमानियन माणूस असेल तर बोग्दान. युक्रेनियन, चेक, स्लोव्हाक असेल तर बोहदान. ख्मेल्नित्स्कीला मराठी पुस्तकांत ‘बोगदान’ लिहिलेलं दिसलं तर बहुधा तो मजकूर रशियनवरून आलेला असतो. आणि ‘भगदान’ असं संस्कृत वळण देऊ नका. नातं आहे म्हणून माणसाचं नाव बदलायचं नसतं.